माझं बघून होईपर्यंत

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कानांत कापूस! शेवटी त्यावरच वेळ आली.

काल चहाच्या सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीत आमच्या शिफ्टमधली ती उभी होतीच — पाठ लॉकरला टेकलेली, मोबाइल हातात आणि मोठ्यानं वाचन चालू. मालिका आठला लागते, आमची सुट्टी सव्वाआठला. तेवढ्या पंधरा मिनिटांत लोकांचे शंभर-दोनशे शेरे येऊन पडलेले असतात. टीव्हीवर दृश्य चालू, इकडे सगळ्यांची बोटं चालू. आणि ही ते सगळं आम्हाला वाचून दाखवणार. मी तिचं नाव बातमीदार ठेवलंय. लॉकरमधून कप काढेपर्यंत ऐकू आलं, "अगं बाई, नर्स खोटी निघाली!" झालं. मुसळ केरात. मी सकाळपर्यंत थांबायचं ते मग कशासाठी?

म्हणून आज कापूस. टोपी, मुखपट्टी, झगा चढवला की काही कळत नाही. डोळे सोडले तर आमच्या औषधांच्या कारखान्यात माणसाचं काही दिसतच नाही. सुपरवायझर बाई दोनदा काहीतरी म्हणाल्या, मी दोनदा मान हलवली. काय कबूल करून बसलेय कोण जाणे.

माझी पद्धत एकदा लिहूनच ठेवते, म्हातारपणी हसायला होईल. माझी शिफ्ट दुपारी दोन ते दहा. त्यामुळे मालिका मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत लागते तेव्हा बघते, घरमालकीण काकूंच्या टीव्हीवर. तोच भाग, त्याच जाहिराती, त्याच जागी. शेजारी मोबाइल उघडा. घरच्या ग्रुपवर आम्ही तिघंच — बाबा, दादा आणि मी. बाबा आदल्या संध्याकाळी बघता बघता लिहितात, प्रत्येक ओळीच्या आधी वेळ टाकून. ८.०४, ८.११, ८.१९. मी मोबाइलवर पुठ्ठ्याचा तुकडा धरते आणि घड्याळाकडे बघत एकेक ओळ उघडी करत जाते. ८.१९ ला बाबा जे म्हणाले ते मला ८.१९ लाच दिसतं. मध्ये बारा तास आणि चार तासांची बस, पण मांडीला मांडी लावून बघितल्यासारखं वाटतं.

बाबा एरवी दोन शब्दांचे धनी. "हं." "बरं." तिसरं वाक्य, "घे, आईशी बोल." आयुष्यभर घरोघरी विजेचे मीटर वाचले, आकडे लिहिले, घरी आले की गप्प. पण मालिका लागली की काय लिहितो हा माणूस! कालचंच बघा: "८.०६ — मोठ्या सुनेनं पडद्याचं कापड अंगावर घेतलंय. खिडकी उघडी पडली असेल बिचारी." "८.११ — जाहिरात. म्हातारा मरून तीन महिने झाले, ह्यांचा साबण काही संपत नाही." चहा नाकातून आला माझ्या. तीस वर्षं लोकांच्या घरांत डोकावून ही नजर आली असणार.

आणि हे खास: "८.१९ — थोरल्याच्या कोटाचं तिसरं बटण बघ. बाकीची फुलीच्या टाक्यानं लावलीत, हे दोन रेघांनी. घाईत लावलंय कुणीतरी. लिहून ठेव." ठेवलं लिहून, बाबा. पण म्हाताऱ्याला जिन्यावरून ढकललं ते मोठ्या सुनेनंच, ह्यावर मी ठाम आहे. अठ्ठावीसला शेवटचा भाग. बघूच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आठला दहा कमी असताना आईचा फोन. बाबांच्याच मोबाइलवरून — तिला स्वतःचा नको. "मला ते डबडं नको." नेहमीची उजळणी झाली. जेवतेस का, झोपतेस का, डोळ्यांची वाट लावून घेऊ नकोस. आई लोकांचे कपडे मापात करून देते. तिला अख्खं जगच उसवून परत शिवायचं असतं, त्यात पहिला नंबर माझा. मी हं हं करत घड्याळ बघत होते.

मग म्हणाली, "ऐक ना. तुला जरा एक सांगायचं होतं."

मी ओरडलेच. "मालिकेतलं असेल तर एक अक्षर बोलू नकोस!"

"मी कुठे बघते गं तुझी मालिका? आठ वाजता माझे हात मशीनवर असतात. ते नाही, दुसरं."

"मग उद्या सांग ना! आठ वाजतायत, आई!"

"बरं. बघ तू."

फोन मीच ठेवला. ही आठच्या तोंडावरच फोन करते, मला तर मुद्दाम वाटतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाबा फॉर्मात! "८.२३ — वकिलाचा चष्मा नवा, अक्कल जुनीच." "८.२६ — पोलिसाची बाही खांद्यात उसवलीय. हा काय चोर पकडणार, आधी दोरा पकड म्हणावं." दिवसभर आठवून हसत होते, मुखपट्टीच्या आत. आईचा फोन नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दोन गोष्टी, दोन्ही वाईट.

एक — सुपरवायझर बाईंनी परीक्षेची तारीख सांगितली. अठ्ठावीस! इंजेक्शनच्या दोनशे भरलेल्या कुप्या समोर ठेवणार, त्यांत वीस मुद्दाम खराब मिसळलेल्या. कुठे केसाएवढा तंतू, कुठे काचेची कणी, कुठे काळा ठिपका. प्रत्येक कुपी पाच सेकंद पांढऱ्या पाटीपुढे, पाच सेकंद काळ्या पाटीपुढे. एक जरी सुटली तरी नोकरी कायम होणार नाही, आणि परत तीन महिने उमेदवारी. सुट्टी घ्यायची नाही, आजारी पडायचं नाही.

दोन — दादानं ग्रुपवर भर दुपारी लिहिलं, "कालचा भाग बघितलास ना? धाकट्याचं काय झालं बघ —" नव्हता बघितला! काकूंकडे सकाळी वीज नव्हती! अर्धी ओळ वाचून मोबाइल गादीवर फेकला. मग परत उचलला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "माझं बघून होईपर्यंत कुणीही मला काहीही सांगायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. कितीही मोठं असलं तरी!"

बाबांच्या मोबाइलवरून फक्त अंगठा आला. वाचला म्हणायचा.

रविवार, ९ फेब्रुवारी

घरी फोन. बाबांनी उचलला.

"हं."

"कसे आहात?"

"बरं."

"आईला द्या."

"झोपलीये."

सकाळी अकराला? "काम जास्त झालं," म्हणाले. आई आणि सकाळी अकराला झोप! म्हणजे रुसलीये. बुधवारी मी फोन आपटला त्याचं हे. आईच्या अबोल्याचा विक्रम अकरा दिवसांचा आहे — मी ही नोकरी घेतली तेव्हाचा. मोजायला लागू या. खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंच वाटलं. आज डोळ्यांवरचं व्याख्यान चुकलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाबांना काय झालंय?

काल संध्याकाळच्या ओळी जशाच्या तशा उतरवते. "८.०५ — मोठी सून आली." "८.०९ — बसली." "८.१२ — रडते आहे." "८.१६ — थोरला बाहेर गेला." बस! विनोद नाही, टोमणा नाही, साबणाचा उद्धार नाही. मीटरचे आकडे लिहिल्यासारखं.

आणि वेळाही चुकल्यात. ८.१२ ला टीव्हीवर साबण चालू होता. सून रडली ती सव्वाआठ उलटून गेल्यावर. पुठ्ठा हातात धरून मी येड्यासारखी एकदा घड्याळ बघते, एकदा टीव्ही.

घरचं घड्याळ पुढे गेलं असेल. असू शकतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजही तसंच. जाहिरातींवर एक अक्षर नाही. हे माझ्या बाबांचं लिखाणच नव्हे!

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज मी बाबांवर ओरडले. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

सकाळी पुठ्ठा सरकवला आणि दिसलं, "८.२० — वकिलाला पकडला." टीव्हीवर तेव्हा वकील बायकोबरोबर आरामात चहा पीत होता. पकडला आठ वाजून एकतीस मिनिटांनी! आठवडाभर मी कापूस घालून फिरले, बातमीदाराला टाळायला चहा उभ्यानं जिन्यात प्यायले, काकूंना माझ्याकडे पाठ करून मटार सोलायला बसवलं — काकूंनी आदल्या संध्याकाळी बघितलेलं असतं, तोंड बंद ठेवतात पण भुवया बोलतात — आणि शेवटी घरच्याच माणसानं घात केला.

फोन लावला. "बाबा, तुम्ही आधीच सांगून टाकलंत! वेळा चुकतायत तुमच्या! नीट बघायचं नसेल तर लिहू नका ना!"

पलीकडे मागे कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, बाईचा आवाज, ओळखीचा नाही.

मग बाबा म्हणाले, "चुकलं."

बाबा कधी 'चुकलं' म्हणत नाहीत. उभ्या जन्मात ऐकलं नाही मी. फोन ठेवल्यावर पोळल्यासारखा हात झाला.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल दिवसभर एकच विचार. काकूंच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी वेळा चुकायला लागल्या, मग माणसं. "हसणं गेलं होतं बघ त्याचं आधी," काकू म्हणाल्या. काकू, तुम्ही भुवयांनीच बोलत जा!

दादाला फोन केला, बाबांना कळू न देता. "खरं सांग. बाबांना विसरायला होतंय का?"

"बाबांना?" दादा म्हणाला. "बाबा ठणठणीत आहेत."

"शपथ घे."

"अगं शपथ. बाबांना काहीही झालेलं नाही."

'बाबांना'वर जरा जास्तच जोर होता का? की मलाच सगळीकडे ठिपके दिसायला लागलेत? दिवसाला हजार कुप्या बघणाऱ्या बाईला भातातही तंतू दिसतो.

आई शेजारी गेलीये म्हणे. अबोल्याचा अकरावा दिवस. विक्रमाची बरोबरी!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

राहवलं नाही. सकाळी व्हिडिओ कॉल केला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला.

मी बाबांचा चेहरा कुपीसारखा बघितला. पाच सेकंद मन पांढरं करून, पाच सेकंद काळं करून. दाढी वाढलीये. डोळ्यांखाली सुजलंय. पण तोंड वाकडं नाही, बोलणं अडखळत नाही. मी विचारलं, "आज वार कोणता?" "मंगळवार." "माझी परीक्षा कधी?" "अठ्ठावीसला." सगळं बरोबर! मागे भिंत फिकट हिरवी होती. आपल्या घरात हिरवी भिंत कुठे? "बँकेत आलोय," म्हणाले.

"आई अजून रागावलीये?"

बाबांनी मोबाइल जरा दूर धरला. "नाही गं," म्हणाले. "रागावली नाही."

नाही गं! दोन शब्दांच्या माणसाकडून चार शब्द. जीव भांड्यात पडला. बाबा ठीक आहेत. वय झालं की माणसाचा विनोद आटत असेल. आपण समजून घ्यायचं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज पुठ्ठा बाजूला ठेवला. आधी पूर्ण भाग बघते, मग बाबांच्या ओळी वाचते. सुरक्षित आहे. मजा मात्र गेली, एकटीनं बघितल्यासारखं होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल फक्त दोन ओळी. "८.०३ — सुरू झालं." आणि "८.४४ — आज एवढंच."

मधल्या एक्केचाळीस मिनिटांत काय झालं? मालिकेत खूप झालं, खोट्या नर्सनं कबुली दिली, धाकटा परत आला. बाबांनी ह्यातलं काही बघितलं नाही? मग लिहिलं तरी कशाला? नसतं लिहिलं तर मला वाटलं असतं, झोपले असतील. पण दोन ओळी! आकडा कमी-जास्त असला तरी मीटर वाचला असं दाखवायचंच, तसं काहीतरी.

कामावर आज एक तंतूवाली कुपी सुटली माझ्या हातून. सरावातली होती म्हणून वाचले. बाई म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे तुझं? डोळे इथे आहेत, तू नाहीस."

रविवार, २३ फेब्रुवारी

दादाला म्हटलं, मी येते. आजच निघते.

"येऊ नकोस!" इतक्या पटकन म्हणाला की मीच दचकले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "परीक्षा होऊ दे. पाच दिवसांचा प्रश्न आहे. आईनंच सांगितलंय, परीक्षा झाल्याशिवाय हलायचं नाही म्हणून."

"मग तिलाच दे ना फोन. तिनंच सांगू दे."

"तू परीक्षा दे," दादा म्हणाला. "मग बोल तिच्याशी पोटभर."

अठरा दिवस! विक्रम कधीच मोडला. मी ठरवलंय, ह्या वेळी आपण होऊन माफी मागायची. गेल्या गेल्या. फोन आपटला म्हणून, आणि एकूणच. ती म्हणेल, "काही नको, आधी जेव."

पण बाबांची काळजी जात नाही. आईच्या ह्या अबोल्यात तेच होरपळत असतील. घरात बोलणारं तेवढं एकच माणूस, आणि तेच गप्प.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बातमीदार आज माझ्या मागे मागे जिन्यात आली. मी कानांत बोटं घातली. तिनं माझं एक बोट ओढून काढलं आणि म्हणाली, "घाबरू नकोस, मालिकेचं नाही. तुझा चेहरा बघवत नाही म्हणून आले. घरी सगळं बरं आहे ना?"

मी म्हटलं, वडिलांची जरा काळजी आहे.

ती काही न वाचता शेजारी बसून राहिली. उगाच नावं ठेवली तिला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

वीसपैकी वीस!!

शेवटची तर इतकी बारीक कणी होती, काळ्या पाटीपुढे क्षणभर चमकली आणि गेली. पकडली! बाई म्हणाल्या, "कायम झालीस." मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. लगेच बाबांच्या मोबाइलवरून आलं, "बरं." एवढंच. दादाचा अंगठा. मला वाटलं होतं, आजतरी आईचा फोन येईल.

सव्वाआठला कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या एका मोबाइलवर वाकलेल्या. शेवटचा भाग! बातमीदार दारात आडवी उभी राहून ओरडली, "सगळ्यांनी गप्प! हिचं बघून व्हायचंय!" आणि खरंच सगळ्या गप्प झाल्या. मी डोळे मिटून, कापूस दाबून, भिंत धरत धरत बाहेर गेले. मागून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला आणि कुणाची तरी शिवी. एवढ्यावरून काही कळत नाही, नशीब.

उद्या सकाळी आठला शेवटचा भाग, दहाची घरची बस.

शनिवार, १ मार्च

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय.

सकाळी आठला बसले. काकूंनी आज तोंडावर रुमालच बांधला होता. आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पोलिसानं थोरल्याचा कोट टेबलावर पसरला आणि तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं. बाकीची फुलीच्या टाक्यानं, हे दोन रेघांनी. म्हाताऱ्यानं पडताना तुटलेलं बटण मुठीत धरून ठेवलं होतं. थोरला!

काकूंनी रुमाल सोडून टाळ्या वाजवल्या. मी उडीच मारली. बाबांनी महिन्याभरापूर्वी ओळखलं होतं! ही वही काढली, चार तारखेचं पान उघडलं आणि काकूंना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. "बाकीची फुलीच्या टाक्यानं लावलीत, हे दोन —"

आणि थांबले.

बाबांना फुलीचा टाका माहीत नाही. बाबांना कुठलाच टाका माहीत नाही. शर्टाचं बटण तुटलं की ते शर्ट काढून आईच्या मशीनवर ठेवतात आणि वाट बघत बसतात.

मी मोबाइलवर मागे मागे जात राहिले. पडद्याचं कापड. पोलिसाची उसवलेली बाही. नर्सच्या झग्याला उलटी कापलेली कॉलर. इतक्या महिन्यांच्या ओळी — कापड, दोरा, माप, टीप. मीटरचं एक अक्षर नाही! आणि दहा तारखेपासून कपड्यांचं एक अक्षर नाही. आणि नऊ तारखेपासून मला आईशी कुणी बोलू दिलेलं नाही. तीन आठवडे मी चुकीची कुपी उजेडात धरून बसले होते.

फोन लावला. "बाबा, आईला द्या."

"ती जरा —"

"बाबा. आईला द्या."

पलीकडे चाकांचा आवाज गेला, गाडी ढकलत नेल्यासारखा. मग बाबा रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं.

फोन दादानं घेतला. आईच्या पोटात गाठ होती. आठ तारखेला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन दहाला झालं, मग आत पू झाला म्हणून पुन्हा वीसला. तेव्हापासून नीट शुद्धीवर नाही. "आज तू आल्यावर सांगणारच होतो," म्हणाला. "तिनं शपथ घातली होती, परीक्षा होईपर्यंत नाही. आणि तूच लिहिलं होतंस ना गं, कितीही मोठं असलं तरी सांगायचं नाही म्हणून. ते तिनंच आम्हाला वाचून दाखवलं."

त्या पाच तारखेच्या बुधवारी तिला तेच सांगायचं होतं. आठला दहा कमी होते. दहा मिनिटं होती माझ्याकडे!

अजून दीड तास. ड्रायव्हर, हाण की जरा.

रविवार, २ मार्च

फिकट हिरवी भिंत. बाबा बाकावर. म्हणाले, "मला नाही जमलं तिच्यासारखं. मोबाइलवर लावायचो, तिथे जाहिराती नसतात, आणि दिसेल ते लिहायचो. एक दिवस खाडा करू नका म्हणाली होती."

"पण ती तुमच्या नावानं का लिहायची?"

"मोबाइल माझा. पहिल्या दिवशी तू लिहिलंस, 'बाबा, काय भारी लिहिता!' मी म्हटलं, सांगून टाक. ती म्हणाली, राहू दे. माझं आहे कळलं तर वाचायची नाही."

दुपारी एकालाच आत सोडलं, मी गेले. मी हात धरला. बऱ्याच वेळानं आईनं डोळे उघडले, मला बघितलं, ओळखलं. मी खाली वाकले. माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच आलं.

"आई, ते तिसरं बटण —"

तिनं नळी लावलेला हात उचलला आणि माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

"सांगू नकोस," म्हणाली. "माझं अजून बघून व्हायचंय."